न नेलेला परवाना

वर्लीन टॅकेट आमच्या काउंटीच्या कचेरीत सव्वीस वर्षं एकाच खिडकीमागे बसली. तळमजल्यावर डाव्या हाताला शेरीफचं ऑफिस, उजव्या हाताला आमचं जमिनीच्या दस्तांचं ऑफिस आणि मधे आठ-दहा पावलांचा बोळ. मी माझ्या टेबलावरून मान वर केली की समोर वर्लीनचं डोकं दिसायचं. पांढरे होत चाललेले केस, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा आणि खिडकीच्या फळीवर लिमलेटच्या गोळ्यांची काचेची वाटी.

मिसूरीत तेव्हा पिस्तूल विकत घ्यायचं तर आधी आपल्या काउंटीच्या शेरीफचा परवाना लागायचा. एक पानी फॉर्म, दहा डॉलर फी. वर्लीन फॉर्म घ्यायची, हायवे पोलिसांना फोन करून माणसाचं नाव तपासायची आणि कागद गठ्ठ्यात लावायची. शेरीफ सह्या करायला फक्त गुरुवारी बसायचा. म्हणून बुधवारी आलेला असो की शुक्रवारी आलेला, प्रत्येकाला ती एकच सांगायची, “गुरुवारी या.”

माणसं तिची चेष्टा करायची. “काय वर्लीनबाई, या आठवड्यात किती दरोडेखोर आले फॉर्म भरायला?”

“दोन आले होते. स्पेलिंग चुकलं म्हणून परत पाठवले.”

मीही हसायची. मला तो परवाना म्हणजे सरकारने चांगल्या माणसांच्या मागे लावलेली कटकट वाटायची. दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत डबे उघडायचो, तेव्हा मी तिला डिवचायची. “अगं, ज्याला कुणाचा जीव घ्यायचाय तो दहा डॉलर भरून, सही करून, गुरुवारी परत येईल का?”

“नाही येणार.”

“मग?”

“मग काही नाही. सँडविच खा, नेव्हा.”

वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिचा नवरा वेन्डेल धरणाच्या काठी एक दुकान चालवायचा. गळाला लावायची गांडुळं, छोटे मासे, बर्फ, सिगारेटी असलं सगळं तिथे मिळायचं. मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्च, शनिवारी तळलेला मासा, वर्षातून एकदा आर्कान्सामधल्या बहिणीकडे. यापलीकडे तिचं आयुष्य फारसं नव्हतं आणि तिला ते हवंही नव्हतं.

चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी चार वाजता, वेन्डेलच्या दुकानात एक बावीस वर्षांचा माणूस शिरला. आमच्या गावचा नव्हता. त्याने गल्ला मागितला. वेन्डेलने दिला, असं मासेमारीला आलेल्या एका गिऱ्हाइकाने नंतर सांगितलं. तरी त्याने गोळी घातली. चाळीसेक डॉलर आणि सिगारेटींची दोन पाकिटं घेऊन तो पळाला, आणि दुसऱ्या दिवशी राज्याच्या हद्दीपलीकडे सापडला. पिस्तूल त्याच्याजवळच होतं.

ते चोरीचं होतं. त्याआधीच्या रविवारी त्याने ते चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या एका ट्रकमधून, सीटच्या खालून उचललं होतं. ट्रकला कुलूप नव्हतं. आमच्याकडे तेव्हा कुणीच लावायचं नाही.

ट्रक माझ्या धाकट्या भावाचा होता. ओडेलचा.

शेरीफने मला आत बोलावून दार लावलं आणि टेबलावर एक जुनं कार्ड ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचा परवाना, विक्रीनंतर दुकानदाराने नंबर लिहून परत पाठवलेला. ओडेलचं नाव, पिस्तुलाचा नंबर, आणि खाली कोपऱ्यात वर्लीनच्या अक्षरातली दोन आद्याक्षरं. ओढ्याकाठी साप फार झालेत म्हणून ओडेलने ते पिस्तूल घेतलं होतं. सगळं रीतसर. फॉर्म भरला, फी भरली, गुरुवारी येऊन कार्ड नेलं.

“तिला कोण सांगणार?” मी विचारलं.

“तिनेच शोधून काढलं,” शेरीफ म्हणाला. “नंबर ऐकल्या ऐकल्या उठली आणि कपाट उघडून बसली.”

वेन्डेलच्या दफनाला सगळं गाव लोटलं. ओडेल मात्र कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभा होता. टोपी हातात धरून. माती टाकून होईपर्यंत तो आत आला नाही. त्या आठवड्यात त्याने घरातल्या सगळ्या बंदुका विकल्या. आमच्या बापाची हरणाच्या शिकारीची रायफलसुद्धा. चर्चला जाणं सोडलं. लाकूड कापायच्या गिरणीतून घरी आणि घरातून गिरणीत.

वर्लीन पंधरा दिवसांनी कामावर आली. खिडकी उघडली, वाटीत गोळ्या भरल्या. पहिलाच माणूस परवान्यासाठी आला होता. वर्लीनने त्याचा फॉर्म घेतला, नीट वाचला आणि म्हणाली, “गुरुवारी या.”

दरोडेखोरांची चेष्टा त्यानंतर कुणी केली नाही. पण मागे बोलायचे. बिचारीने स्वतःच्या हाताने परवाना दिला, आणि तेच पिस्तूल. काय उपयोग त्या कागदाचा? मीही असंच म्हणायची, आणि मला ते म्हणायचं कारणही होतं. कागदाचा दोष मोठा केला की माझ्या भावाचा थोडा लहान व्हायचा.

एकदा किराणा दुकानात वर्लीन आणि ओडेल समोरासमोर आले. मी ओडेलच्या बरोबर होते. तो डब्यांच्या रांगेकडे बघत राहिला. वर्लीनने तिची ढकलगाडी थांबवली.

“ट्रकला कुलूप लावायला हवं होतंस, ओडेल,” ती म्हणाली.

“हो.”

“ते आता झालं. जेवतोस ना नीट? किती वाळलास.”

एवढंच. क्षमा केली, असं ती म्हणाली नाही. नाही केली, असंही नाही.

पुढची वर्षं तशीच गेली. शहाण्णवच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, ओडेलची बायको जनेल त्याला सोडून गेली. त्या वसंतात तो फार गप्प झाला होता, एवढं मला आठवतं. नंतर थोडा सावरला. मला वाटलं, काळ जातो तशी माणसं सावरतातच.

दोन हजार सात साली परवान्याचा कायदा रद्द करायची चळवळ जोरात आली. अर्ज फिरत होते. एक अर्ज आमच्या कचेरीतही ठेवला होता, त्यावर मी सही केली. एके दिवशी आमचे आमदार स्प्रॅडलिंग स्वतः वर्लीनला भेटायला आले. उंच, गोड बोलणारा माणूस. हॅट काढून खिडकीशी उभे राहिले.

“वर्लीनबाई, तुमच्याइतकं हे कुणाला माहीत असणार? तुम्ही पाव शतक हे परवाने दिलेत. आणि तुमच्यावरच असा प्रसंग आला. समितीपुढे तीन मिनिटं बोला. गुन्हेगार कायदा पाळत नाही, एवढंच सांगायचंय. तुमच्या तोंडून ते ऐकलं की संपलं.”

“मला जे माहीत आहे तेच मी बोलेन,” वर्लीन म्हणाली.

“तेच तर हवंय!”

राजधानीपर्यंत दोन तासांचा रस्ता. गाडी मी चालवली. मला अभिमान वाटत होता. तिने निळा ड्रेस घातला होता, वेन्डेलच्या दफनाच्या वेळचाच, आणि वाटेत ती फक्त शेतांबद्दल बोलली. कुणाचा मका लवकर पेरून झाला, कुणाच्या शेतात पाणी साचलंय.

समितीची खोली लहानच होती. आमच्या आधी एक तासभर इतर लोक बोलले. मग तिचं नाव पुकारलं. ती माइकपाशी बसली, चष्मा लावला आणि पुन्हा काढला.

“माझ्या नवऱ्याला ज्याने मारलं, त्याने परवाना घेतला नव्हता,” ती म्हणाली. “तो कधीच घेणार नव्हता. असली माणसं माझ्या खिडकीशी येत नाहीत. सव्वीस वर्षांत एकही आला नाही. तेव्हा आमदारसाहेब म्हणतात ते खरं आहे.”

स्प्रॅडलिंग मान हलवत होते.

“पण जे आले त्यांच्याबद्दल मी सांगू शकते. बहुतेक लोक गुरुवारी येऊन कार्ड न्यायचे. काही यायचेच नाहीत. कार्ड तयार, सही झालेली, आणि न्यायला माणूस नाही. मी ती कार्डं महिनाभर ठेवायची, मग रद्द करायची. का आले नाहीत, ते मी विचारत नसे. एकदाच मला कळलं. एक माणूस शुक्रवारी सकाळी आला. शर्टाची बटणं वरखाली लावलेली. म्हणाला, आजच मिळेल का? मी म्हटलं, नाही, गुरुवारी. तो म्हणाला, गुरुवार फार लांब आहे. मी त्याला म्हटलं, माझ्या घराची पन्हळ गळतेय, बुधवारी येऊन दुरुस्त करशील का? तो आला. दुपारभर शिडीवर होता. मग माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि खूप वेळ रडला. गुरुवारी तो कार्ड न्यायला आला नाही. तो अजून आहे. एवढंच मला माहीत आहे.”

एक समिती सदस्य पुढे वाकला. “बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण त्या माणसाला शॉटगन परवान्याशिवाय कुठेही मिळाली असती ना?”

“मिळाली असती.”

“मग तुमच्या परवान्याने काय केलं?”

“ते मला सांगता येणार नाही, साहेब. पण तो शॉटगनच्या दुकानात गेला नाही. माझ्याकडे आला. कदाचित कुणीतरी नाही म्हणावं, असं त्याला वाटत असेल.”

तीन मिनिटं संपली. आभार मानले गेले.

मी मागच्या बाकावर बसले होते. वर्लीनच्या घराची पन्हळ कुणी दुरुस्त केली होती ते मला माहीत होतं. शहाण्णवच्या मार्चमध्ये मी रस्त्यावरून जाताना ओडेलला त्या शिडीवर पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, हा थोडा माणसांत येतोय.

आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. मी विचारलं, “तो ओडेल होता?”

“मी नाव घेतलेलं नाही.”

“वर्लीन, तो माझा भाऊ आहे. अकरा वर्षं तू माझ्यासमोर बसून डबा खाल्लास आणि मला सांगितलं नाहीस?”

“खिडकीवरचं बाहेर सांगायचं नसतं.” ती बाहेर बघत होती. “आज मी सांगितलं. मला त्याचं बरं वाटत नाहीये.”

स्प्रॅडलिंग तिच्याशी परत कधी बोलले नाहीत. पेपरात चार ओळी आल्या, पन्हळीसकट. तरी तेवढ्यावरून कुणाला कळलं नसतं. कळलं ते माझ्यामुळे. मी जेवताना नवऱ्याला सांगितलं. मला ते एकटीला पेलत नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी केस कापायला गेला, आणि तिथे पेपरातल्या त्या ओळींवर गप्पा चालल्या होत्या. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण आठवडाभरात सगळ्या गावाला माहीत झालं.

ओडेल माझ्या दाराशी आला. आत आला नाही.

“गिरणीत माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागलेत,” तो म्हणाला. “आजाऱ्याशी बोलतात तसं.”

“ओडेल, मला माफ कर. मी फक्त—”

“करवत चालवायला देत नाहीत, नेव्हा. फळ्या मोजायला बसवलंय.” त्याने टोपी डोक्यावर घातली. “आधी मी वेन्डेलला मारणाऱ्या पिस्तुलाचा मालक होतो. आता हा. दुसरं काही व्हायचं राहिलंय का बघतो.”

वर्लीन त्याच्या घरी गेली. त्याने तिला बसवलं, कॉफी दिली. तिने मला एवढंच सांगितलं की तो म्हणाला, वर्लीनबाई, तुम्ही बोलायला नको होतं. आणि ती म्हणाली, हो, नको होतं.

ऑगस्टअखेर कायदा रद्द झाला. त्या दिवशी काहीच झालं नाही. भिंतीवरची पाटी काढली, फॉर्मचे उरलेले गठ्ठे पाठकोरे म्हणून आमच्या ऑफिसला दिले. वर्लीनला समन्सच्या कागदांवर बसवलं. नाताळनंतर तिने निवृत्ती घेतली.

दोन वर्षांनी गिरणीचं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. ओडेलची पाठ धरली होती. मी रविवारी त्याच्याकडे जेवण घेऊन जायची. तो बोलायचा, हसायचासुद्धा. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळी अकरा वाजता तो गावातल्या दुकानात गेला आणि एक पिस्तूल घेतलं. दुकानदाराने नियमाप्रमाणे फोन करून त्याचं नाव तपासलं. त्याच्या नावावर काहीच नव्हतं. जन्मात त्याने कुणाची सुतळीसुद्धा घेतली नव्हती. पंधरा-वीस मिनिटांत काम झालं.

तीन वाजता गिरणीच्या मुकादमाचा मला फोन आला. शुक्रवारच्या कामाचं विचारायला तो ओडेलच्या घरी गेला होता.

दुकानदार दफनाच्या वेळी माझ्याजवळ आला. भला माणूस. “बाई, तो हसत होता हो. हवेबद्दल बोलला. मी विचारलं, सापांसाठी का? तर म्हणाला, हो, सापांसाठी. मी काय करायला हवं होतं?”

“काही नाही,” मी म्हटलं. खरंच, त्याने काय करायला हवं होतं?

चोर कुठे कायदा पाळतो, हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि त्यात काही खोटं नव्हतं. वेन्डेलच्या मारेकऱ्याने पाळला नाही. पण ओडेल पाळायचा. रात्री बाराला रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारा माणूस होता तो. त्याला कुणी थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता, असं मला तेव्हा वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

दफनानंतरच्या सोमवारी वर्लीन आली. माझ्या स्वयंपाकघरात लोकांनी आणून दिलेल्या जेवणाची भांडी साठली होती, प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. तिने बाह्या वर केल्या आणि ती धुवायला लागली. मी पुसत होते.

“ती खिडकी असती तर?” मी विचारलं.

“मला माहीत नाही, नेव्हा.”

“समितीपुढे तर तू म्हणालीस—”

“समितीपुढे मी एका शुक्रवारबद्दल बोलले. तेव्हा तो वाचला. परत वाचला असता, असं मी कशी म्हणू?” तिने एक भांडं विसळून माझ्याकडे दिलं. “आणि दुसरेही होते. गुरुवारी आले, कार्ड नेलं, आणि दोन दिवसांनी मी त्यांच्या दफनाला गेले. असे दोन. त्यांच्याही शर्टाची बटणं मी बघितली असतीच ना? त्यांच्याबद्दल मी समितीला बोलले नाही. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.”

“मी त्या अर्जावर सही केली होती,” मी म्हटलं. “कायदा रद्द करा म्हणून.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“अर्ज माझ्याच टेबलावर होता, बाई. रोज संध्याकाळी तो मीच कपाटात ठेवायची.”

मी रडायला लागले. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले. ते ओले आणि गरम होते. तिने मला दोष दिला नाही, आणि तुझा दोष नाही असंही म्हणाली नाही. मग उरलेली भांडी आम्ही धुऊन काढली आणि ती ज्याची त्याला पोचवून आलो.

ओडेलचं घर रिकामं करायलाही तीच आली. फार काही नव्हतं. कामाचे बूट, दोन चांगले शर्ट, स्वयंपाकघरात एका माणसाची भांडी. कपाटाच्या तळाशी वेन्डेलच्या मृत्यूची पेपरातली बातमी घडी करून ठेवली होती. वर्लीनने ती उलगडली, वाचली आणि माझ्याकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

पुढे पाच-सहा वर्षांत तिची आठवण जायला लागली. आधी किल्ल्या, मग नावं, मग घराचा रस्ता. आर्कान्सातली बहीण आधीच वारली होती. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात तिला ठेवलं. मी रविवारी जायची. मला ती ओळखायची नाही, पण मी कुणीतरी कचेरीतली आहे एवढं तिच्या लक्षात असायचं. खिडकीबाहेर पार्किंग दिसायचं. गाड्या येताना, जाताना बघत बसायची.

एका रविवारी मी तिला शिजवलेली सफरचंदं भरवत होते. तिने चमचा हाताने बाजूला केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“तुझा भाऊ कसा आहे गं?”

“बरा आहे,” मी म्हटलं.

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.

पुढच्या रविवारी मी वाट बघत होते. तिने विचारलं नाही.